निवृत्त कोळसा खाण कामगाराची धाप: गोव्यात नेमकं काय तपासून घ्यावं?

कुर्टीकरीण | 4 जुलै 2024, रात्री 9:52

मंडळी, धागा आरोग्य विभागात काढतेय. जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

माझे बाबा 72 वर्षांचे आहेत. विदर्भातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत 1975 साली लागले आणि 2012 साली निवृत्त झाले. आई गेल्यावर आम्ही त्यांना फोंड्याला आमच्याकडे घेऊन आलो. धाप तशी जुनीच, पण यंदा पाऊस सुरू झाल्यापासून फार वाढलीय. घरापासून देवळापर्यंत जरासा चढ आहे. तेवढ्यात मध्ये थांबावं लागतं, पण थांबलोय हे कबूल करायचं नसतं, म्हणून कुणाच्या तरी कुंपणातली जास्वंद न्याहाळत उभे राहतात. जेवताना बोलत नाहीत, कारण घास आणि श्वास एकदम जमत नाही. सकाळी खाकरून बेसिनमध्ये टाकतात त्यात कधीकधी काळसर राखाडी तार दिसते. मी घाबरले तर म्हणाले, "ते खदानीचं आहे, जुनंच."

आतापर्यंतची कथा अशी. पहिल्या डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला. दुसऱ्यांना एक्स-रेमध्ये वरच्या भागात सावली दिसली, त्यांनी टीबीची शंका काढली. तिसऱ्यांनी "विडी ओढायचात का?" विचारलं. बाबा हो म्हणाले (1995च्या आसपास सोडली), आणि विषय संपला. एका केसपेपरवर नुसतं 'खाण कामगार' लिहिलंय. तिथल्या डॉक्टरांनी आपल्या गोव्यातली लोखंडाची खाण धरली आणि कुडचड्याकडचे का म्हणून विचारलं. 37 वर्षं कोळशात काढली हे बाबांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

निवृत्तीला बारा वर्षं झाली, तेव्हाची धूळ आता त्रास देऊ शकते का? गोव्यात हे कुठे नीट बघतात? अनुभव असेल तर लिहा. उपदेश नको, विडीबद्दल तर नकोच, आईने तो आयुष्यभर केला.

---

पाळीकर | 4 जुलै, रात्री 10:20

ताई, वाचून वाईट वाटलं. आमच्या डिचोली-सांखळी पट्ट्यात खनिजाच्या धुळीवर खूप बोललं जातं, पण तेही रस्त्यावरच्या टिपरांबद्दल. खाणीवर, क्रशरवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या छातीचं काय झालं हे कुणी विचारत नाही. 2012ला पहिल्यांदा खाणी बंद झाल्या, 2018च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा. आमच्या वाड्यावर सगळी चर्चा पगाराची, ट्रकच्या हप्त्यांची. माझे काका क्रशरवर होते. त्यांची कंपनीतली शेवटची तपासणी नोकरी गेली त्याच्या आधीची. पुढे काही नाही.

कोळशाचं मला ठाऊक नाही. जाणकारांची वाट बघतो.

---

डॉ_खोकला | 4 जुलै, रात्री 11:35

छातीविकाराची डॉक्टर आहे. इथे बसून निदान करता येत नाही, तेव्हा हे सल्ला म्हणून घ्या, चिठ्ठी म्हणून नको.

तुमचा पहिला प्रश्न आधी. हो, तेव्हाची धूळ आता त्रास देऊ शकते. कोळशाच्या धुळीतले मोठे कण नाकात, घशात अडकतात आणि खोकून बाहेर पडतात. पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत जातात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी, मॅक्रोफेज, ते गिळतात. पण कोळसा किंवा दगड त्यांना पचत नाही. पेशी मरते, आतली रसायनं सांडतात, सूज येते, त्याभोवती व्रणासारखा तंतुमय भाग तयार होतो. पेशीने टाकलेला तोच कण पुढची पेशी गिळते आणि तेच चक्र पुन्हा सुरू होतं. माणूस खाणीतून बाहेर आला तरी धूळ छातीतच राहते, म्हणून निवृत्तीनंतरही आजार पुढे सरकू शकतो.

या आजाराला कोल वर्कर्स न्युमोकोनिओसिस म्हणतात, अमेरिकेत बोलीभाषेत ब्लॅक लंग. साध्या प्रकारात एक्स-रेवर बारीक ठिपके दिसतात, बहुधा फुफ्फुसांच्या वरच्या भागात, आणि कित्येकांना त्या पायरीवर काही त्रासही नसतो. ठिपके एकमेकांत मिसळून एक सेंटिमीटरपेक्षा मोठे गोळे झाले की त्याला प्रोग्रेसिव्ह मॅसिव्ह फायब्रोसिस म्हणतात, थोडक्यात पीएमएफ. तिथून धाप वाढते, फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो, पुढे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. पायांना सूज येते का, ते बघा.

काळ्या थुंकीबद्दल. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी काळी थुंकी येत असेल तर ती 'जुनीच आहे' म्हणून सोडू नका. पीएमएफचा गोळा आतून पोकळ झाला की अशी शाईसारखी थुंकी येते. पोकळी टीबीनेही होते आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून टीबीची शंका काढणारे डॉक्टर चुकले असं मी म्हणणार नाही. थुंकीची सीबीनॅट तपासणी (टीबीचे जंतू शोधणारी) कराच. फक्त ती नकारात्मक आली तर 'खात्रीसाठी' म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू करायची घाई नको. वरच्या भागातली सावली आणि खोकला एवढ्या भांडवलावर पुन्हा पुन्हा टीबीचा कोर्स झालेले खाण कामगार मी पाहिले आहेत.

आणि एक्स-रे श्वास मोजत नाही. फोटो खराब आणि माणूस बरा, किंवा फोटो बरा आणि माणूस पायरी चढू शकत नाही, दोन्ही घडतं. स्पायरोमेट्री झालीय का?

---

कुर्टीकरीण | 5 जुलै, सकाळी 7:10

नाही झाली. तीन एक्स-रे झाले, रक्त झालं, ईसीजी झाला. फुंकायची तपासणी कुणीच सांगितली नाही. पायांना संध्याकाळी थोडी सूज असते, मोज्याचा वळ उमटतो.

---

तर्कट | 5 जुलै, सकाळी 9:02

ताईंनी नको म्हटलं तरी लिहितो. वीस-पंचवीस वर्षं विडी ओढलेल्या माणसाला सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन जडलेली कायमची धाप) झाला तर त्यात नवल काय? उगाच सगळं खाणीच्या माथी मारायचं. दोन कारणं असताना मोठं कोणतं ते बघावं.

---

डॉ_खोकला | 5 जुलै, दुपारी 2:15

@तर्कट, विडीने नुकसान होतं, कुणी नाकारत नाही. पण विडी न ओढणाऱ्या कोळसा कामगारांनाही जुनाट ब्राँकायटिस आणि एम्फिसीमा (वायुकोशांच्या भिंती फाटणं) होतो, आणि ओढणाऱ्यांत दोन्हीची बेरीज होते. ब्रिटनमध्ये हाच वाद कित्येक वर्षं चालला. अखेर 1993 साली तिथल्या सरकारने कोळसा कामगारांचा ब्राँकायटिस आणि एम्फिसीमा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घेतला, विडी-सिगरेट ओढणाऱ्यांना न वगळता.

शिवाय पीएमएफचा गोळा विडीने होत नाही. त्याला धूळच लागते. ओपीडीत 'विडी ओढायचे' हे उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न विचारायचाच राहून जातो. नोकरी काय होती, हा तो प्रश्न. माझ्या व्यवसायातल्या लोकांवर माझा हा राग जुना आहे.

---

सडेकर | 5 जुलै, दुपारी 4:40

मी मुरगावचा, सड्यावर राहतो. धागा वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे बंदरावर कोळसा उतरतो हे सगळ्या गोव्याला माहीत आहे. त्यावरच्या 2017च्या जनसुनावण्यांना मीही गेलो होतो. गॅलरीतला कठडा सकाळी पुसला की दुपारी बोट काळं होतं. पांढरी चादर बाहेर वाळत घालायची सोय नाही. धूळ नेमकी कुणाची हा वाद इथे नको. मला एवढंच सांगा, आमच्या पोरांनाही हा ब्लॅक लंग होणार का? बायको रोज विचारते.

---

डॉ_खोकला | 5 जुलै, रात्री 10:05

@सडेकर, चिंता रास्त आहे, पण आजार वेगळा.

आकडे बघा. हवेत तरंगणाऱ्या पीएम10 कणांची आपल्या देशाची मर्यादा दिवसभराच्या सरासरीला घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम आहे, वर्षाच्या सरासरीला 60. आता खाणीच्या आत या. अमेरिकेने 1969चा कायदा केल्यावर श्वसनयोग्य कोळसा धुळीची मर्यादा आधी 3 आणि मग 2 मिलिग्रॅमवर आणली, 2016 पासून दीड. दीड मिलिग्रॅम म्हणजे 1500 मायक्रोग्रॅम, आणि ही कायद्याला चालणारी पातळी, तीही पाळीभर, वर्षानुवर्षं. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे आकड्यासमोर आकडा ठेवता येत नाही, पण अंदाज येतो. न्युमोकोनिओसिस हा सहसा दहा, वीस वर्षं धुळीत काम केल्यावर होणारा आजार. घराच्या गॅलरीतल्या धुळीने तो होतो असं मी म्हणणार नाही.

याचा अर्थ ती धूळ निरुपद्रवी आहे असा नाही. लहान मुलांचा दमा, म्हाताऱ्यांचा खोकला, हृदयरोग्यांचा त्रास बारीक धुळीने वाढतो, आणि त्यासाठी फुफ्फुसात काळे गोळे व्हायची गरज नसते. पोराला शिट्टीसारखा आवाज येतो का, खेळताना खोकतो का, ते बघा आणि चिखलीच्या इस्पितळात दाखवा. बंदरावर, कोळशाच्या ढिगाऱ्यांवर किंवा वॅगन भरायच्या जागी काम करणारे कामगार मात्र वेगळ्या गटात येतात. त्यांची तपासणी कामगार म्हणूनच व्हायला हवी.

---

संपादक | 5 जुलै, रात्री 10:30

वास्कोतल्या कोळशावर चर्चेसाठी कृपया स्वतंत्र धागा काढावा. इथे मूळ विषय चालू ठेवू.

---

निवृत्त_सरदार | 6 जुलै, सकाळी 6:30

नमस्कार. मी वणीकडचा, आता नागपुरात असतो. मायनिंग सरदार होतो, म्हणजे पाळीतल्या माणसांची आणि छताची जबाबदारी आपली. लेकीने हा धागा दाखवला म्हणून पहिल्यांदाच लिहून राहिलो, चुकभूल माफ.

ताई, तुमचे बाबा खदानीत होते एवढं पुरत नाही जी. खदानीत कुठे होते, ते सांगा. वर लॅम्परूममध्ये दिवे भरणारा आणि खाली फेसवर, म्हणजे कोळसा तोडतात त्या तोंडावर, ड्रिल मारणारा, दोघंही खदानीतलेच. पण दोघांच्या छातीत जमीन-अस्मानाचा फरक. फेसवर भोक पाडताना, सुरुंग उडाल्यावर धूर बसायच्या आत लोडर टोपलं घेऊन पुढे जायचा तेव्हा, कोळसा बेल्टवरून बेल्टवर पडतो त्या ठिकाणी, छताला बोल्ट ठोकताना, धूळ तिथे असते. हॉलेजवाला (कोळशाचे डबे ओढणारं यंत्र चालवणारा) परतीच्या हवेच्या रस्त्यात बसला असेल तर सगळ्या फेसची धूळ त्याच्यावरून जाते, आणि त्याला वाटते आपण तर आरामात बसलो. चुन्याची पांढरी भुकटी मारतात ती वेगळी. ती कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊ नये म्हणून असते.

मास्क होते, पण जोराचं काम करताना त्यातून श्वास पुरत नाही. आम्ही ओला दुपट्टा बांधायचो. पाळी सुटली की गुळाचा खडा. गुळाने धूळ खाली उतरते म्हणायचे.

बाबांना दोन गोष्टी विचारा. फेसवर किती वर्षं, आणि दगडात काम केलं का.

---

आंबटगोड | 6 जुलै, सकाळी 8:15

गुळाचं खरं आहे, आमच्या सिमेंटच्या गोदामातही वाटायचे. रोज गूळ आणि कोमट पाणी सुरू करा बाबांना, वर ज्येष्ठमध. छाती साफ होते.

---

डॉ_खोकला | 6 जुलै, दुपारी 1:50

गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूळ वायुकोशात आहे, त्यांची गाठ पडत नाही. घसा ओला होतो, कामानंतर ताकद येते, तेवढा फायदा खरा. ज्येष्ठमध मात्र रोज भरपूर खाल्लं तर रक्तदाब वाढतो आणि अंगावर सूज येते. पायांना आधीच सूज असलेल्या माणसाला ते देऊ नका.

@निवृत्त_सरदार, तुम्ही विचारलेले दोन प्रश्न आमच्या पुस्तकातल्या अर्ध्या पानाच्या तोडीचे आहेत. दगडाचा मुद्दा इतरांसाठी थोडा उलगडते. कोळशापेक्षा त्याच्या वरखालच्या वाळूच्या दगडातली स्फटिकमय सिलिका फुफ्फुसाला कितीतरी जास्त घातक. तिने आजार लवकर येतो, वेगाने वाढतो आणि टीबीचा धोकाही वाढतो. अमेरिकेत ब्लॅक लंग विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ आटोक्यात आला होता. मग 2018 साली एक शोधनिबंध आला. नैऋत्य व्हर्जिनियातल्या फक्त तीन दवाखान्यांत 2013 ते 2017 या काळात पीएमएफचे 416 रुग्ण सापडले होते. जाड थर संपत आले, पातळ थर काढताना यंत्र कोळशाबरोबर दगडही कापू लागलं, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं.

कुर्टीकरीण, तुम्ही कुठपर्यंत आलात?

---

कुर्टीकरीण | 13 जुलै, रात्री 9:15

उशीर झाला, आठवडा धावपळीचा गेला. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाऊन आलो. गर्दी तुम्हाला माहीतच आहे, सकाळी केसपेपरच्या रांगेपासून सुरुवात. पण यावेळी मी दारातच सांगितलं: "कोळसा खाण, भूमिगत, 37 वर्षं." तरुण डॉक्टर होती, तिने पेन खाली ठेवलं आणि बाबांकडे वळून पहिल्यांदा नीट बसली.

स्पायरोमेट्रीचं सांगते, कारण आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं की त्यात एवढा जोर लागतो. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, ओठ घट्ट. तंत्रज्ञ मुलगी चक्क ओरडते, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" बाबांनी पहिल्या फुंकरीत सगळं दिलं आणि खोकत टेबलावर वाकले. ती म्हणाली, हे धरता येणार नाही, परत. दोन्ही तळहात गुडघ्यांवर टेकवून ते बसून राहिले, मानेच्या शिरा ताणलेल्या. मला वाटलं आता नको म्हणतील. तर मला म्हणाले, "तू बाहेर थांब." लेकीसमोर हरायचं नसावं. मी बाहेर गेले आणि आतून पुन्हा "अजून, अजून" ऐकत राहिले.

निकाल लिहिते, डॉक्टरांनी समजावून सांगावा. एफव्हीसी 2.05 लिटर. एफईव्ही1 1.12 लिटर, अपेक्षेच्या 49 टक्के. गुणोत्तर 0.55. औषधाची वाफ देऊन पुन्हा केलं, जवळजवळ तेवढंच. बसल्यावर ऑक्सिजन 94, सहा मिनिटं चालवलं तर 87 पर्यंत उतरला. सीबीनॅट नकारात्मक. एचआरसीटीत (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) दोन्ही वरच्या भागांत गोळे, मोठा साडेतीन सेंटिमीटरचा, मध्ये छोटी पोकळी, आणि एम्फिसीमा. खाली लिहिलंय: 'खाणकामाचा इतिहास पाहता पीएमएफची शक्यता.' टीबीचं कल्चरही (थुंकीतले जंतू वाढवून बघतात ते) लावलंय, त्याला वेळ लागणार.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे दमा नाही ना? बरं झालं."

---

डॉ_खोकला | 13 जुलै, रात्री 11:20

छान काम केलंत. कल्चर लावलं हे उत्तम, सीबीनॅट नकारात्मक असली तरी पोकळी असताना तेवढ्यावर थांबायचं नसतं.

आकड्यांचा अर्थ. एफव्हीसी म्हणजे पूर्ण श्वास भरून जोराने सोडलेली एकूण हवा, एफईव्ही1 म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली. गुणोत्तर 0.70 च्या खाली असलं की नळ्यांत अडथळा आहे. बाबांचं 0.55, आणि औषधाने सुधारलं नाही, म्हणजे दम्याची बाजू लंगडी. बसल्यावर 94 आणि चालल्यावर 87, यावरून कळतं की हवा आत-बाहेर करण्यापलीकडे वायुकोशातून रक्तात ऑक्सिजन जायलाच अडचण आहे. डीएलसीओ नावाची तपासणी तेच मोजते. ती जमली तर करा, आणि हृदयाची इकोही, पायांच्या सुजेसाठी.

पुढचं स्पष्टच लिहिते. गोळे विरघळवणारं औषध नाही. 'फुफ्फुस धुऊन देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. पण करण्यासारखं बरंच आहे. अडथळ्यासाठी लांब पल्ल्याचे इनहेलर, आणि ते ओढायची पद्धत एकदा कुणाकडून तरी तपासून घ्या, निम्मे रुग्ण औषध जिभेवर मारतात. फ्लूची लस दरवर्षी, न्युमोकोकसचीही. घरात धूप, अगरबत्ती, मच्छर कॉइल बंद. चतुर्थीला फटाक्यांपासून लांब.

घरी लगेच सिलेंडर आणू नका. स्वस्थ बसलेलं असताना ऑक्सिजन 88 किंवा त्याखाली राहत असेल तर दिवसाचे पंधरा तास किंवा जास्त ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढतं, हे सिद्ध आहे. नुसतं चालताना उतरणाऱ्या सगळ्यांना तसा फायदा दिसलेला नाही. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांवर सोडा.

आणि पल्मनरी रिहॅब, म्हणजे फुफ्फुसाच्या रुग्णांसाठीचा व्यायाम. बाबा चालायचं सोडतील, कारण चाललं की धाप लागते. मग पायांचे स्नायू जातील आणि त्याने धाप आणखी वाढेल. सपाट रस्त्यावर, रोज, थांबत थांबत चालू द्या. श्वास नाकाने घ्यायचा आणि ओठ चंबूसारखे करून सावकाश सोडायचा, गरम चहावर फुंकर मारतो तसा. घेण्याच्या दुप्पट वेळ सोडायला. चढ लागला तर सोडताना पाऊल टाकायचं. जास्वंद बघायला थांबले तर थांबू द्या, फक्त तेव्हा ही फुंकर चालू ठेवा.

---

तर्कट | 14 जुलै, सकाळी 10:40

एचआरसीटीचा भाग वाचला. खाणीबद्दलचं माझं म्हणणं मागे. ताई, बाबांना नमस्कार सांगा.

---

कायदेपंडित_नाही | 14 जुलै, दुपारी 12:30

वकील नाही, कामगार संघटनेत कारकुनी केलीय, त्यामुळे कागदांबद्दल थोडं.

खाणींच्या कायद्यातलं आजार कळवण्याचं कलम बघा. न्युमोकोनिओसिस हा खाणींसाठी अधिसूचित आजार आहे. त्यात डॉक्टरवरही जबाबदारी टाकलीय: खाणीत काम करणाऱ्या *किंवा पूर्वी केलेल्या* माणसात असा आजार आढळला किंवा तशी शंका आली, तर त्याने मुख्य खाण निरीक्षकाला लेखी कळवायचं. म्हणजे धनबादच्या डीजीएमएसकडे (खाण सुरक्षा महासंचालनालय). 'पूर्वी केलेल्या' हे शब्द तुमच्यासाठी महत्त्वाचे. गोव्यातल्या डॉक्टरांना हे ठाऊक असेलच असं नाही, कारण इथे कोळशाची खाण नाही. नम्रपणे सांगा.

नुकसानभरपाई कामगार भरपाईच्या कायद्याखाली. अशा धुळीचे आजार तिसऱ्या अनुसूचीत आहेत. दावा करायला मुदत असते, पण उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी निदान झालं हे कारण मांडता येतं. मिळेलच असं मी म्हणत नाही. वाट लांब आहे आणि कागद नसेल तर पहिल्याच पायरीवर अडतं.

कागद म्हणजे काय? बाबा नोकरीत असताना खाण नियमांनुसार दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी व्हायची, छातीच्या एक्स-रेसकट. तिचा अहवाल 'फॉर्म ओ'. बाबांच्या ट्रंकेत असेल तर सोनं समजा. नसेल तर जुन्या खाणीच्या कार्यालयाकडे प्रती मागा, माहिती अधिकारात मागितल्या तरी चालेल. सर्व्हिस रेकॉर्डचा उतारा, ज्यात हुद्दा आणि बदल्या आहेत, तोही. आणि निवृत्तांची वैद्यकीय योजना असते, सीपीआरएमएस. तिचं कार्ड घेतलं होतं का विचारा. घेतलं असेल तर कुठली इस्पितळं चालतात ते आधी विचारून मगच भरती व्हा.

---

पाळीकर | 14 जुलै, संध्याकाळी 6:05

काकांना उद्या मडगावला जिल्हा इस्पितळात नेतोय, चुलतभावाची सोय तिथेच आहे. स्पायरोमेट्री नाव लिहून घेतलंय. डॉक्टर, लोखंडाच्या खनिजालाही हेच लागू का?

---

डॉ_खोकला | 14 जुलै, रात्री 9:45

लोहधूळ एकटी असेल तर एक्स-रेवर ठिपके दिसतात पण त्रास कमी असतो, तिला सिडरोसिस म्हणतात. त्यात सिलिका मिसळली की चित्र बदलतं, आणि खनिजाच्या दगडात सिलिका असते. क्रशर ही धुळीची जागाच. काका कुठल्या टोकाला उभे राहायचे, पाणी मारायचे का, किती वर्षं, हे लिहून न्या.

---

निवृत्त_सरदार | 15 जुलै, सकाळी 5:50

ताई, रेकॉर्डवर भरवसा ठेवू नका पूर्ण. हुद्दा 'जनरल मजदूर' आणि काम फेसवर, असं कितीतरी लोकांचं होतं. बाबांना समोर बसवून वर्षावार लिहून घ्या. साल आठवत नसेल तर तुमचा जन्म, घराचं बांधकाम, संप, असं धरून विचारा, आठवते. खदान, काम, फेस की बाहेर, कोरडं की पाणी मारून. जोडीला कोण होतं तेही लिहा, साक्षीला कामी येतात. एका पानात बसवा आणि प्रत्येक डॉक्टरला द्या.

---

कुर्टीकरीण | 17 जुलै, रात्री 10:30

लिहून झालं. दोन संध्याकाळी गेल्या, कारण बाबांना मध्ये मध्ये दम घ्यावा लागतो आणि मध्ये मध्ये हसू येतं. फॉर्म ओच्या दोन प्रती ट्रंकेत सापडल्या, शाई उडालीय पण तारीख वाचता येते. सीपीआरएमएसचं कार्डही आहे, आईच्या फोटोसकट.

खाणींची नावं आणि जोडीदारांची नावं गाळून इथे टाकते. काही राहिलं असेल तर सांगा.

*1975 ते 78: लोडर, फेसवर. टोपलं आणि फावडं. सुरुंगानंतर धूर असतानाच आत.*
*1978 ते 91: ड्रिलर. कोळशात. पाणी कधी असायचं, कधी नाही. तोंडाला दुपट्टा.*
*मधली काही वर्षं, 1983 च्या आसपास, दुसऱ्या खाणीत उसने पाठवले. दोन थरांमधला बोगदा. दगड. कोरडं ड्रिल. जेवणाच्या सुट्टीत सगळे पांढरे दिसायचे.*
*1991 ते 2004: बेल्ट ऑपरेटर, ट्रान्सफर पॉइंटवर.*
*2004 ते 2012: जमिनीवर, स्टोअरमध्ये.*

---

निवृत्त_सरदार | 18 जुलै, सकाळी 6:10

पांढरे दिसायचे. बस, तेच विचारत होतो. उसने पाठवलेलं रेकॉर्डवर सापडणार नाही कधी. तेव्हाच्या जोडीदारांपैकी कोणी हयात असेल तर आजच फोन करा.

---

डॉ_खोकला | 18 जुलै, दुपारी 1:30

बोगद्याची ओळ कागदाच्या सगळ्यात वर घ्या आणि तिच्यापुढे 'सिलिका' असं स्वच्छ अक्षरात लिहा. पुढच्या भेटीत कल्चरचा निकाल विचाराल तेव्हा हा कागद फाइलमध्ये पहिल्या पानावर लावून घ्या. 'मधली काही वर्षं' म्हणजे नेमकी किती, ते बाबांना पुन्हा एकदा विचारा.

---

कुर्टीकरीण | 18 जुलै, रात्री 9:40

विचारलं. साडेतीन म्हणतात. जोडीदारांपैकी एक काका वरोऱ्याला आहेत, त्यांच्या मुलाशी बोलले. त्यांनाही घरी ऑक्सिजन लावलाय, टीबीचा कोर्स दोनदा झालाय. हा धागा त्याला पाठवलाय.